याले दांडी हाये

कार्तिकातली दुपार होती. तारीख आठवत नाही, पण कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जायला लागल्या होत्या आणि आमच्या फाट्यावरच्या बाभळींना पांढरे बोळे लटकले होते एवढं पक्कं. माझं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एका बाजूला शटर, ते रस्त्यावर उघडतं, दुसऱ्या बाजूला दार, ते थेट स्वयंपाकघरात, आणि मधे मी, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक झेरॉक्स मशीन जिला पावसाळ्यात कागद खायची सवय आहे. लग्नपत्रिका, तेरवीच्या पत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, कृषी केंद्राची बिलबुकं, शाळेची सर्टिफिकेटं, येईल ते. त्या दुपारी स्क्रीनवर एका पोराच्या वाढदिवसाचा फ्लेक्स उघडा होता, फोनवर त्याचे मित्र एकेक करून आपापले गॉगलवाले फोटो टाकत होते, आत गॅसवर दूध होतं आणि लेकाला सातचा पाढा काही केल्या येत नव्हता. तेवढ्यात एक बाबाजी आले. चपला बाहेर काढून आत आले, देवळात यावं तसे, आणि स्टुलाच्या अगदी कडेवर बसले.

"माय, तेरवीचे कारडं छापाचे हायेत. शंभर."

कोणाची, तर बायकोची. मी म्हटलं हो, सांगा नाव. त्यांनी सांगितलं, मी टाईप केलं. खरं सांगायचं तर टाईप केलं म्हणजे काय, आधीच्या महिन्यातली तेरवीची फाईल उघडली, त्यातलं मेलेल्या माणसाचं नाव खोडलं आणि तिथं हे टाकलं, गाव बदललं, वार बदलला, गंगापूजनाची वेळ बदलली, खाली शोकाकुलमध्ये पोरांची नावं भरली. पाच मिनिटांचं काम. मधल्या काळात फोन तीनदा वाजला आणि मी तिन्ही वेळा बघितला. कच्ची प्रिंट काढली आणि सवयीनं म्हटलं, बघून घ्या बाबाजी एकदा. ते म्हणाले, मले वाचता येत नाई. मी म्हटलं मग राहू द्या, मी बघितलंय. आणि फोनकडे वळले.

बाबाजींनी पायजम्याच्या खिशातून एक प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून दुसरी पिशवी, तिच्यातून रेशन कार्ड. हल्ली कार्डावर घरातल्या बाईचंच नाव पहिलं असतं, कुटुंबप्रमुख म्हणून, तर तिचं होतं. ते कार्ड त्यांनी माझ्या प्रिंटशेजारी टेबलावर ठेवलं, तळहातानं दोन्ही सपाट केले आणि एक बोट इकडे, एक बोट तिकडे ठेवून पुढं सरकवायला लागले. एक अक्षर. थांबले. दुसरं अक्षर. थांबले. बोटांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे होते. माझे दोन मेसेज लिहून झाले, दूध उतू जाता जाता वाचवून आले, तरी त्यांचं चालूच. मग म्हणाले,

"याले दांडी हाये."

"कशाला?"

"या अक्षराले. तिच्याले नाई दांडी."

मी वाकून बघितलं. तिच्या नावात ळ आहे. मी ल केला होता.

मला वाचता येतं, म्हणूनच मी वाचलं नव्हतं.

दुरुस्त केलं, छापलं, पैसे घेतले, ते गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. शंभर पत्रिकांचा गठ्ठा त्यांनी त्याच पिशवीत घातला, कार्ड परत तिच्या आतल्या पिशवीत घातलं, चपला घातल्या आणि रस्ता ओलांडून एसटीची वाट बघत उभे राहिले. मी काउंटरवरून बघत होते. एसटी येईपर्यंत त्यांनी एकदाही फोन काढला नाही, बहुतेक नसेलच. नुसते उभे. आणि मला आठवेना की मी शेवटची अशी नुसती उभी कधी राहिले होते.

आता माझा धंदा असा आहे की त्यात रोज कोणीतरी येऊन म्हणतं, ताई काहीतरी नवीन करा ना. हटके पायजे. त्या "हटके"ची मला आता धास्ती बसलीय. वाढदिवसाचा फ्लेक्स घ्या. दहा बाय आठचा असो की सहा बाय चारचा, मधे उत्सवमूर्ती, मागे वाघ नाहीतर सिंह, धूर, ठिणग्या, वर दोन कोपऱ्यांत नेते, खाली शुभेच्छुकांची पासपोर्ट साईझ डोकी, तीसचाळीस. यात नवीन काय करायचं? खरी अक्कल लागते ती डोक्यांच्या क्रमाला. कोणाचं डोकं कोणाच्या शेजारी चालत नाही, कोण मागच्या महिन्यात कोणत्या गटात गेला, कोणाचा फोटो दोन सूत मोठा पाहिजे, हे सगळं मला पाठ असावं लागतं, आणि हे काही कोणत्या डिझाईनच्या कोर्सला शिकवत नाहीत. एकदा एका पोराला मी वाघाऐवजी त्याच्या स्वतःच्या बैलजोडीसोबतचा फोटो लावून दिला होता, पोळ्याचा, बैलांच्या शिंगांना बेगड, सुंदर फोटो होता हो. तो म्हणाला, ताई मी काय शेतकरी दिसतो का. शेतकरीच आहे तो. वाघ लावला.

तर नवीन सुचावं म्हणून मी काय करायचे, तर फोन बघायचे. रात्री सगळं आटोपलं की गादीवर पडल्या पडल्या डिझाईनं बघत जायचं, एकावरून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं, मग मधेच कोणाची तरी रेसिपी, मग कोणाचं भांडण, मग पुन्हा डिझाईन. तासभर बघितल्यावर वाटायचं आपण केवढं काम केलं. सकाळी कोरी फाईल उघडली की डोक्यात काय? काहीच नाही. म्हणजे काहीच नाही असंही नाही, सगळंच, एकात एक मिसळलेलं, पाहुण्यांच्या पंगतीनंतरच्या खरकट्यासारखं. कुठंतरी वाचलं होतं की ग्लोरिया मार्क नावाच्या अमेरिकेतल्या संशोधक बाई आहेत, माणूस स्क्रीनवर एका गोष्टीवर सलग किती वेळ टिकतो ते त्या मोजत आल्या आहेत. २००४ च्या सुमारास सरासरी अडीच मिनिटं भरायची, नंतरच्या वर्षांत ती सत्तेचाळीस सेकंदांवर आली. मला वाईट वाटण्याऐवजी जरा बरंच वाटलं, म्हणजे मी एकटीच नाही. पण सत्तेचाळीस सेकंदांत आमच्याकडे एक पोळीसुद्धा नीट भाजून होत नाही.

मग उपाय सुरू केले. कोणी सांगितलं टोमॅटोची पद्धत कर. इटलीच्या फ्रान्सिस्को सिरिलोनं कॉलेजात शिकत असताना, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर घेतलं, पंचवीस मिनिटं लावलं की तेवढा वेळ एकच काम, मग पाच मिनिटं सुट्टी. इटालियन भाषेत टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, म्हणून नावही तेच. छान आहे पद्धत, पण त्याच्या खोलीचं दार स्वयंपाकघरात उघडत नसावं. माझ्या पंचवीस मिनिटांत सासूबाईंची बीपीची गोळी येते, गॅस सिलिंडरवाला येतो, आधार कार्डाची झेरॉक्स येते, सातबाऱ्याची येते, आणि लाईन जाते. लाईन गेली की इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर वीस मिनिटं चालतो, त्यामुळे माझा टोमॅटो तसाही पिकायच्या आधीच तोडावा लागतो.

त्याच सुमारास लेकाच्या शाळेची सहल सेवाग्रामला गेली, पालक म्हणून मीही गेले, पोरांच्या उलट्या धरायला. आश्रम आधीही बघितलेला होता, पण यावेळी माझी नजर त्या फोनवर अडकली. बापू १९३६ साली इथे राहायला आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं, सेवाग्राम नंतर झालं. तर व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी त्यांच्याशी बोलता यावं म्हणून तिथे टेलिफोन बसवून दिला होता, तो अजून आहे. आणि हाच माणूस दर सोमवारी मौन पाळायचा, काही सांगायचंच असलं तर चिठ्ठीवर लिहून द्यायचा. सोमवारी व्हाइसरॉयचा फोन आला तर काय करत असतील कोण जाणे. मी तिथं उभी राहून हा विचार करत होते आणि माझ्या पर्समध्ये फोन थरथरत होता, एका कार्यकर्त्याचा, त्याला फ्लेक्सवर स्वतःच्या नावापुढे "भावी" पाहिजे होतं.

घरी आल्यावर मी दुपारी दोन ते चार फोन तांदळाच्या कोठीत ठेवायला लागले. हसू नका. आत ठेवला की आवाज येत नाही, नुसती गुणगुण येते, कोठीत भुंगा शिरल्यासारखी. चार दिवस फार बरं वाटलं. पाचव्या दिवशी कळलं की दोन लग्नपत्रिका तालुक्याच्या दुकानात गेल्या, कारण ताई फोन उचलत नाहीत. नवरा म्हणाला, तू सेवाग्रामला नको जात जाऊ.

पण कोठीत हात घालताना रोज तो तांदूळ हाताला लागायचा. आमच्याकडे एचएमटी असतो. बारीक, मोकळा होणारा, ताटात वरणाची वाट बघत न बसणारा. माझी एक मावशी तिकडे धानपट्ट्यात दिलेली आहे, चंद्रपूर जिल्ह्यात, ती सांगायची की हा तांदूळ आमच्या नागभीड तालुक्यातला आहे बरं का. आणि आहेच. तिथल्या नांदेड नावाच्या छोट्या गावातले दादाजी खोब्रागडे, मराठवाड्यातलं मोठं नांदेड नाही, हे वेगळं. शेती दीड एकर, शाळा जेमतेम. १९८३ साली शेतात पटेल ३ जातीचं धान होतं, त्यात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, पिवळसर. ते दाणे त्यांनी बाजूला ठेवले, पुढच्या हंगामात वेगळे लावले, त्यातले चांगले पुन्हा निवडले, पुन्हा लावले, असं वर्षामागून वर्ष. पुढे ते धान आसपास पसरलं, बाजारात आलं, व्यापाऱ्यानं विचारलं नाव काय, नाव काही नव्हतंच, तर तेव्हा एचएमटीच्या घड्याळांची चलती होती म्हणून एचएमटी. नंतर त्यांनी आणखीही वाण काढले, २००५ साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला, २०१० मध्ये फोर्ब्सच्या यादीत नाव आलं, २०१८ मध्ये ते गेले. हे सगळं पेपरात आलेलंच आहे, तुम्हालाही माहीत असेल. मला छळते ती फक्त पहिली गोष्ट. धानाच्या बांधीत हजारो लोंब्या असतात, वाऱ्यावर हलणाऱ्या, सगळ्या सारख्या. त्यात दोनचार वेगळ्या आहेत हे दिसायला माणूस किती वेळ तिथं उभा राहिला असेल? आणि उभा राहिला तेव्हा तो काही नवीन शोधायला गेला नसणार हो. गवत काढायला गेला असेल, पाणी बघायला गेला असेल.

आमची आजी होती तशी. माझं माहेर पक्कं कापसाचं, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळी पोरं वेचणीला. सकाळी पऱ्हाटीवर दव असायचं, कापूस ओला लागायचा, बाया कमरेला ओटी बांधून एकेक तास धरायच्या. तास म्हणजे ओळ, घड्याळातला नाही. ज्यानं जो तास धरला तो धुऱ्यापर्यंत त्याचाच, मधे सोडून शेजारचा धरायचा नाही. मी पोरबुद्धीनं जिथं बोंडं जास्त फुटलेली दिसतील तिकडे पळायचे, आजी ओरडायची, "आपला तास सोडून कुठी चालली व?" बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या कडेला अशी टोचायची की संध्याकाळी भाकरीला मीठमिरची लागली की डोळ्यात पाणी. पण मला तेव्हा न कळलेली गोष्ट ही की त्या बाया एका मिनिटासाठी गप्प नसायच्या. कोणाच्या सुनेचं काय, कोणाची गाय आटली, कोणाच्या पोरीला बघायला आले, अखंड चालू. नजर बोंडावर, हात बोंडावर, तोंड सगळ्या गावावर. म्हणजे लक्ष लागायला शांतता लागते असं जे आपण धरून चालतो ना, ते मला काही पटत नाही. आजीला सगळ्या युक्त्या तिथंच सुचायच्या, तासाच्या टोकाला, ओटी रिकामी करताना. माझ्या आत्याचं लग्न तिनं असंच जमवलं. शेळी विकायची का ठेवायची, तेही. कंबर सरळ करून, धुऱ्यावर उभी राहून, पाणी पिता पिता म्हणायची, असं करू. आणि तसंच व्हायचं.

माझ्यावरही एकदा असं सुचायची वेळ आली होती, उन्हाळ्यात. गावातल्या बचत गटाला पापडाच्या पाकिटाचं लेबल हवं होतं. ताई, नवीन पाहिजे. मी दोन संध्याकाळी फोनवर घालवल्या, सगळीकडे तीच लाल साडीतली, नथ घातलेली, हात जोडलेली बाई. मग एका दुपारी लाईन गेली ती आलीच नाही, इन्व्हर्टर संपला, मी कंटाळून गटाच्या अध्यक्षबाईंच्या घरी जाऊन बसले. उडदाचं पीठ कुटणं चालू होतं, हिंगाचा वास घरभर. लाट्या करून ताटात मांडत होत्या आणि प्रत्येक लाटीवर अंगठा दाबून जरा चपटी करत होत्या, तेलाचा चकाकता अंगठा. ताटभर ठसे. मला एकदम झालं, हेच! लेबलवर एक मोठा ठसा, बाकी काही नाही. रात्री बसून केलं, इतकं देखणं झालं की मी दोनदा प्रिंट काढून भिंतीला टेकवून लांबून बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना दाखवलं. सगळ्या गप्प. मग एक म्हणाली, "अंगठा काहून व? आम्ही आता सही करतो."

मी काय बोलणार. मला जो ठसा दिसत होता तो त्यांना दिसतच नव्हता, त्यांना दिसत होता बँकेतला शाईचा पॅड, आणि मागे उभा असलेला, घाईत असलेला कोणीतरी. त्यातल्या दोघीतिघी गटात आल्यावर सही शिकल्या होत्या, चाळिशीनंतर. मी तशीच खाली बसले, वही काढली आणि म्हटलं, बरं मग करा सह्या. सगळ्यांच्या घेतल्या, अकरा. एकीची रेघेबाहेर गेली, एकीनं वेलांटी आधी काढली आणि मग अक्षर, एकीनं तीनदा केली तरी तिला आवडेना, नवऱ्याचं नाव लावू का नको यावर अर्धा तास चर्चा. त्या अकरा सह्या स्कॅन करून लेबलवर टाकल्या. झालं लेबल. विक्री काही वाढली नाही, खोटं कशाला सांगू, पाकिटं पूर्वी खपायची तेवढीच खपतात. पण प्रत्येकीनं एकेक रिकामं पाकीट घरी नेलं.

आता हे सगळं मला माहीत होतं. लेबलचं तर त्याच वर्षीचं. म्हणजे त्यांच्या घरी बसले, बघितलं, ऐकलं, तेव्हा कुठं जमलं, हे मला स्वतःच्या अनुभवानं कळलेलं होतं, आणि तरी सहा महिन्यांत मी त्या बाबाजींच्या बायकोच्या नावात दांडी घालून बसले. हेच मला सतावतं. कळलेली गोष्ट टिकत नाही. शिवाय प्रत्येक पत्रिकेसाठी त्या घरी जाऊन बसायचं म्हटलं तर दुकान बंद करावं लागेल, शंभर कार्डांमागे सुटतं किती? जुनी फाईल उघडून नाव बदलणं हेच माझं पोट आहे. फक्त नाव बदलताना तेवढं एक नाव तरी.

तेव्हापासून मी छापायच्या आधी बोट ठेवून तपासते. एक बोट ग्राहकाच्या कागदावर, एक स्क्रीनवर. पोरं हसतात, ताई अंगणवाडीत गेल्या का म्हणून. वेळ लागतो, पण चुका सापडतात, एका पत्रिकेत तर मी नवरदेवाच्या बापालाच चिरंजीव केलं होतं. आणि गंमत अशी की त्या ळ ची मला एवढी धास्ती बसली की गेल्या महिन्यात एका वाढदिवसाच्या फ्लेक्समध्ये, बेचाळीस डोक्यांमध्ये, एका पोराच्या आडनावातला चांगला खराखुरा ल मी ळ करून टाकला. स्वतःच्या बोटानं तपासून. कागदावर ल होता, मला वाटलं त्यानंच चुकीचं लिहिलंय. फ्लेक्स छापून दुपारच्या एसटीनं आला, चौकात लागला, तेव्हा लक्षात आलं. मी घाबरत त्या पोराला फोन केला. तो म्हणाला, चालते ना ताई, फोटो चांगला आला, नाव कोण वाचते.

फ्लेक्स अजून चौकातच आहे. वाढदिवस होऊन गेला, एक कोपरा सुटून वाऱ्यावर फडफडतो. बुधवारी बाजार भरतो तेव्हा त्याच्या खालीच मिरचीवाल्या बसतात. गेल्या बुधवारी मी वांगी घेत होते तर बाबाजी दिसले. मला ओळखलं की नाही कळलं नाही. हातात तीच पिशवी. ते फ्लेक्सखाली उभे राहिले आणि मान वर करून बघायला लागले, डावीकडून उजवीकडे, हळूहळू, एकेका डोक्यावर थांबत. मी वांगी हातात धरून तशीच उभी. वांगीवाली म्हणाली, घेनं हाये का नाई? बाबाजी शेवटच्या ओळीपर्यंत आले, जरा थांबले. मग खाली वाकले आणि मिरचीचा भाव विचारला.